महाराष्ट्रातील हातकागद

हातकागद म्हणजे वनस्पतिजन्य तंतूंचा लगदा पाण्यात कालवून, तो साच्यावर हाताने उचलून, दाबून व वाळवून तयार केलेला कागद. महाराष्ट्रात हा व्यवसाय मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत भरभराटीत होता. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, दौलताबादजवळील कागजीपुरा आणि खानदेशातील एरंडोल ही त्याची प्रमुख केंद्रे होत. मराठेशाहीतील पत्रव्यवहार, जमाखर्च, सनदा, वतनपत्रे, पोथ्या व जन्मपत्रिका हे सर्व हातकागदावरच लिहिले गेले. यंत्रनिर्मित स्वस्त कागदापुढे हा धंदा मागे पडला. विसाव्या शतकात ग्रामोद्योग चळवळीने त्याचे पुनरुज्जीवन केले आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था स्थापन झाली. जपानी हातकागद अर्थात 'वाशी' हा या कलेचा जगातील सर्वांत प्रसिद्ध प्रकार असून जीर्ण मराठी कागदपत्रांच्या दुरुस्तीच्या निमित्ताने त्याचा महाराष्ट्राशीही संबंध येतो.

शब्द व परिभाषा

'कागद' हा शब्द फारसी 'कागज'वरून मराठीत आला. कागद करणाऱ्या कारागिरांना 'कागदी' किंवा 'कागझी' म्हणत. हे कारागीर बहुतांशी मुसलमान होते आणि त्यांच्या वस्तीला कागदीपुरा किंवा कागजीपुरा असे नाव पडे. पुण्याच्या कसबा पेठेत आजही कागदीपुरा नावाचा भाग आहे. तेथे कागद होत नाही, नाव मात्र टिकून आहे.

कागदाच्या एका पूर्ण पानाला 'ताव', चोवीस तावांना 'दस्ता' आणि तावाच्या उभ्या पट्टीला 'बंद' म्हणतात. मजकूर लांबला की एका बंदाच्या टोकाला दुसरा बंद खळीने चिकटवीत. सांध्यात कोणी फेरफार करू नये म्हणून अनेक पत्रांत जोडाच्या जागी शिक्का उमटविलेला आढळतो. कागदपत्रांच्या गठ्ठ्याला बांधलेल्या कापडावरून गठ्ठ्यालाच 'रुमाल' म्हणण्याची पद्धत रूढ झाली. अभिलेखागारांत ती अद्याप चालू आहे.

हातकागदाने मराठीला काही वाक्प्रचारही दिले. पोथी लिहिताना चूक झाली तर त्या अक्षरांवर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देऊन ती झाकीत व वर पुन्हा लिहीत. त्यामुळे एखाद्या गोष्टीवर 'हरताळ फासणे' म्हणजे ती निष्फळ करणे असा अर्थ रूढ झाला. पातळ सालीच्या लिंबाला कागदी लिंबू म्हणतात ते कागदाच्या पातळपणावरून.

पार्श्वभूमी

कागदाचा शोध चीनमध्ये लागला. परंपरेने त्याचे श्रेय इ.स. १०५ च्या सुमारास त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याला दिले जाते, परंतु त्याहून जुन्या कागदाचे तुकडेही चीनमध्ये सापडले आहेत. ही विद्या पूर्वेकडे कोरियामार्गे जपानात गेली. तेथील परंपरा इ.स. ६१० मध्ये आलेल्या एका कोरियन बौद्ध भिक्षूचे नाव त्यासाठी घेते. पश्चिमेकडे ती आठव्या शतकात समरकंदला व पुढे बगदादला पोहोचली. भारतात भूर्जपत्रे व ताडपत्रे ही लेखनसाधने रुळलेली असल्याने कागदाचा प्रसार सावकाश झाला. सुलतानशाहीच्या काळात राज्यकारभाराचे लेखन वाढले तसा तो वाढत गेला. काश्मीरमध्ये पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनने या कलेस आश्रय दिला आणि काश्मिरी कागदाला देशभर नाव मिळाले.

पूर्वेकडे व पश्चिमेकडे गेलेल्या या दोन शाखांत एक मूलभूत भेद पडला. जपान व कोरियात कागद झाडाच्या ताज्या अंतर्सालीपासून होत राहिला. मध्य आशिया, अरबस्तान व भारत या पट्ट्यात मात्र तो प्रामुख्याने वापरून टाकलेल्या वस्तूंपासून झाला. चिंध्या, जुने दोर, गोणपाट व रद्दी हा येथील कागद्याचा कच्चा माल होता. दोन्हीकडच्या कागदाचा पोत, लेखणी व वापर यांत दिसणारा फरक बव्हंशी येथून सुरू होतो.

निर्मितीप्रक्रिया

दख्खनमधील पद्धत केंद्राकेंद्राला थोडी वेगळी असली तरी तिचा सांगाडा एकच होता. तागाची पोती, दोरखंड व चिंध्या यांचे बारीक तुकडे करून ते भिजवीत. नंतर पायाने दाबून चालवायच्या जड लाकडी हातोड्याखाली ते कुटले जात. एक माणूस दांड्याच्या टोकावर पाय देऊन हातोडा उचले आणि दुसरा खड्ड्याजवळ बसून कुटला जाणारा माल हाताने वरखाली करी. हे काम कष्टाचे व बऱ्याच जोखमीचे होते. कुटलेला माल नदीच्या वाहत्या पाण्यात धूत, त्यात चुना मिसळून काही दिवस रचून ठेवीत, पुन्हा कुटीत व पुन्हा धूत. पांढरेपणा आणण्यासाठी पापडखार वापरला जाई. कुटणे, चुना व धुणे यांची ही आवर्तने अनेकदा झाल्यावर तंतू एकमेकांपासून सुटून मऊ लगदा तयार होई. या एका टप्प्यालाच कित्येक दिवस लागत. कागदाचे केंद्र नदीकाठी किंवा मुबलक पाण्याच्या जागी वसण्याचे कारण हेच. जुन्नर कुकडी नदीकाठी आहे, एरंडोल अंजनी नदीकाठी.

लगदा चुनेगच्ची हौदात पाण्यात कालवीत. कागदी हौदाच्या काठाशी बसे. त्याच्या हातात लाकडी चौकट व तिच्यावर गवताच्या बारीक काड्यांची, दोऱ्याने विणलेली गुंडाळता येणारी चटई असे. चौकट पाण्यात बुडवून आडवी वर उचलली की पाणी निथळून चटईवर तंतूंचा पातळ थर राही. उचलताना हाताला दिलेल्या हलक्या हिसक्याने तंतू सर्व दिशांना सारखे पसरत. ही हातोटी सर्वांत अवघड, आणि कागदाची जाडी सर्वत्र एकसारखी येणे पूर्णपणे तिच्यावर अवलंबून असे. मग चटई उलटी करून ओला ताव आधीच्या तावांवर अलगद ठेवीत. युरोपात दोन तावांमध्ये लोकरी कापड घालीत, येथे ओले ताव सरळ एकमेकांवर रचले जात. थप्पीवर दगडांचे वजन ठेवून पाणी काढल्यावर एकेक ताव सोडवून घराच्या गिलावा केलेल्या भिंतीवर कुंचल्याने चिकटवून वाळवीत. जुन्या कागदाच्या एका बाजूवर कुंचल्याच्या बारीक रेषा आणि उजेडात धरल्यावर चटईच्या काड्यांच्या समांतर खुणा दिसतात. कागद कोठला व केव्हाचा हे ठरविताना अभ्यासक या खुणांचा उपयोग करतात.

वाळलेला ताव शाई शोषून घेतो. अक्षर फुटू नये म्हणून त्याला तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाची खळ लावीत व पुन्हा वाळवीत. शेवटी ताव लाकडी फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने, अकिकाने किंवा शंखाने घोटीत. घोटलेल्या कागदावर बोरूची लेखणी न अडखळता सरकते. मोडी लिपीतील अक्षरे हात न उचलता एकमेकांत गुंफून लिहिली जातात, तेव्हा ही सरक केवळ शोभेची बाब नव्हती. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात बोरू, शाई व लेखनसामग्री यांची बारकाईने चर्चा केलेली असून सतराव्या शतकात लेखन हे किती साधनसापेक्ष कौशल्य होते हे त्यावरून दिसते.

प्रमुख केंद्रे

जुन्नर

शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर हे सातवाहन काळापासून नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरील महत्त्वाचे ठिकाण होते. मराठेशाहीत जुन्नरी कागदाला मोठी मागणी होती. पुण्याच्या फडावर लागणाऱ्या कागदाचा मोठा भाग जुन्नर व दौलताबाद येथून येई. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जुन्नरच्या कागदनिर्मितीचे वर्णन आहे. तोपर्यंत सरकारी कचेऱ्यांतून हा कागद हद्दपार झाला होता, परंतु सावकार व व्यापारी आपल्या वह्यांसाठी अजूनही तोच पसंत करीत. व्याजाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालणारा असल्याने वहीचे पान टिकणे ही त्यांची खरीखुरी गरज होती.

कागजीपुरा

दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यान, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात कागजीपुरा हे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली तेव्हा आलेल्या कारागिरांनी येथे कागदाचा धंदा सुरू केला, असे स्थानिक परंपरा सांगते. येथील कागद दौलताबादी या नावाने ओळखला जाई. पुढे निजामाच्या राज्यातही त्याला आश्रय मिळाला. सोन्याचा वर्ख शिंपडलेल्या 'अफशानी' कागदासारखे उंची प्रकार दख्खनच्या दरबारांत फर्माने व मानाच्या पत्रांसाठी वापरले जात. महाराष्ट्रातील जुन्या केंद्रांपैकी कागदाचे काम आजपर्यंत पोहोचलेले गाव म्हणून कागजीपुऱ्याचे नाव घेतले जाते. अलीकडे तेथे हातकागद करणाऱ्यांची संख्या अगदी थोडी उरली असून वेरूळ व दौलताबादला येणारे पर्यटक हे त्यांचे महत्त्वाचे गिऱ्हाईक आहे.

एरंडोल व तापी खोरे

खानदेशात एरंडोल हे कागदाचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. ते आज जळगाव जिल्ह्यात आहे. ब्रिटिश काळात आधी संपूर्ण खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. एरंडोल पूर्व खानदेशात राहिले, तर नंदुरबार, तळोदे, शहादे व नवापूर हा भाग पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढील धुळे जिल्ह्यात गेला. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला.

एरंडोलचा कागद जाडाभरडा, पण चिवट होता. तो फर्मानांसाठी नव्हे, तर रोजच्या हिशेबासाठी होता. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा मुघलकालीन व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून नंदुरबारवरून जाई, आणि सतराव्या शतकात नंदुरबारला इंग्रजांची वखारही होती. कापूस, नीळ व धान्य यांच्या अशा उलाढालीत कीर्द, खतावणी, हुंडी व जकातीच्या नोंदी यांना लागणारा कागद मोठा असतो. त्या गरजेला जाडा, स्वस्त, स्थानिक कागद पुरेसा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरने एरंडोलचा उल्लेख जाड्या देशी कागदासाठी पूर्वी ख्यातनाम असलेले गाव असा केला असून तो धंदा तेव्हा थोड्या प्रमाणात चालू असल्याचे नोंदविले आहे.

तापीच्या उत्तरेस सातपुड्यातील चित्र अर्थातच वेगळे होते. अक्राणी व अक्कलकुवा भागातील भिल्ल व पावरा समाजांची परंपरा मौखिक होती. वंश, हद्दी व देणीघेणी यांची आठवण गीतांतून, कथांतून व जाणत्या माणसांकडून जपली जाई. तेथे कागद आला तो मुख्यतः महसूल व जंगल खात्याच्या हातून. खानदेशातील कागदाचा इतिहास लिहिताना ही दुसरी बाजू सहसा सुटते.

उपयोग

राज्यकारभार हा हातकागदाचा सर्वांत मोठा ग्राहक होता. पेशव्यांच्या दफ्तरातील कागद आज पुणे पुराभिलेखागारात आहेत. बहुतेक मोडी लिपीत असलेले हे कागद हजारो रुमालांत बांधलेले आहेत. हा संग्रह ज्या इमारतीत ठेवला आहे ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच कामासाठी बांधली गेली. १९३० च्या दशकात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली या दफ्तरातील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध झाले. जुन्नरी व दौलताबादी कागद टिकला नसता तर मराठ्यांचा इतिहास प्रामुख्याने बखरी व परकीयांच्या नोंदी यांवरूनच लिहावा लागला असता.

पोथ्यांसाठी कागद आडव्या, लांबट आकारात कापीत. हा आकार ताडपत्राकडून आलेला आहे. पाने सुटी ठेवून दोन फळ्यांमध्ये दाबून कापडात बांधीत व कसर लागू नये म्हणून आत वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला घालीत. जन्मपत्रिका मात्र बंद जोडून केलेल्या लांब गुंडाळ्यांवर लिहीत. व्यापाऱ्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या हा आणखी एक मोठा वापर. दिवाळीतील वहीपूजनात ती परंपरा दिसते, कागद मात्र गिरणीचा झाला आहे.

चित्रकलेतही हातकागदाचा वापर झाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. हातकागदावर रंगविलेली चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविली जातात आणि कथा सांगताना एकामागून एक दाखविली जातात. पिढ्यान्‌पिढ्या हाताळल्या गेलेल्या अशा काही पोथ्या अजून शाबूत आहेत. चित्रकथीची जुनी चित्रे पैठण परिसरातूनही मिळाली असून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा संग्रह आहे.

ऱ्हास

हातकागदाच्या ऱ्हासाचे कारण गुणवत्ता नव्हते, किंमत होते. एकोणिसाव्या शतकात युरोपात कागद यंत्रावर अखंड पट्ट्याने निघू लागला आणि शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांऐवजी लाकडाचा लगदा वापरात आला. तो विलायती कागद मुंबई बंदरात उतरू लागला. छापखान्यांना सपाट, एकसारखा व मोठ्या प्रमाणावर मिळणारा कागद हवा होता आणि खळ लावून घोटलेला देशी ताव छपाईच्या शाईला फारसा अनुकूल नव्हता. शाळा, वर्तमानपत्रे व सरकारी छापील नमुने जसे वाढले तसा कागद्यांचा बाजार आक्रसत गेला. सरकारी कचेऱ्यांसाठीचा कागद विलायतेतून मागविण्याच्या धोरणाने आणखी एक मोठा ग्राहक गेला. तुरुंगांत कैद्यांकडून करवून घेतलेला कागदही बाजारातील कारागिराला स्पर्धक ठरला. १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढवा येथे यंत्रावर कागद करणारी गिरणी निघाली. ती स्वदेशी भांडवलाची होती, एवढाच फरक. कागद्याच्या दृष्टीने परिणाम तोच.

या स्थित्यंतराचा एक परिणाम पुढे फार उशिरा लक्षात आला. गिरणीच्या कागदात लाकडातील लिग्निन राहते आणि शाई फुटू नये म्हणून राळ व तुरटी वापरली जाते. त्यातून कागदात आम्ल निर्माण होते व तंतू तुटत जातात. याउलट जुन्या हातकागदात चुन्याचा अंश राहिल्याने तो आम्लाला काही प्रमाणात तोंड देतो, शिवाय त्याचे तंतूही लांब असतात. मराठी लेखकांची शाई काजळ व डिंक यांची असे. युरोपातील लोहयुक्त शाईप्रमाणे ती कागद खात नाही. परिणामी अभिलेखागारात अठराव्या शतकातील पत्र हातात घेऊन उलगडता येते, पण १८९० च्या आसपासचे वर्तमानपत्र घडीवर मोडते. मराठी नियतकालिकांच्या आरंभीच्या शंभर वर्षांचे कितीतरी अंक अशा ठिसूळ कागदावर आहेत. जुना कागद अगदी अभेद्य आहे असे मात्र नाही. त्याची पिठाची खळ कसरीला व वाळवीला आवडते आणि कोकणातील दमट हवेत त्याला बुरशी लवकर धरते.

पुनरुज्जीवन

महात्मा गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव होते. तेलघाणी, गूळ, मधमाशीपालन यांच्याबरोबर हातकागद हा संघाने हाती घेतलेला एक प्रमुख उद्योग होता. के. बी. जोशी यांनी कुटिरोद्योग म्हणून कागद कसा करावा यावर लिहिलेले पुस्तक संघाने प्रसिद्ध केले. याच सुमारास, १९३७ मध्ये अमेरिकन कागदतज्ज्ञ डार्ड हंटर यांनी भारतातील कागद्यांच्या वस्त्यांना भेटी दिल्या. त्यांचा भारतीय हातकागदावरील ग्रंथ १९३९ मध्ये न्यूयॉर्कला निघाला. तो स्वतः हंटर यांनी गोळा केलेल्या कागदाच्या नमुन्यांमुळेही महत्त्वाचा मानला जातो.

जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात शिवाजीनगर येथे हातकागद संस्था उभी राहिली. तिचे उद्घाटन १ ऑगस्ट १९४० रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. जुनी पद्धत जशीच्या तशी चालविणे हा संस्थेचा हेतू नव्हता. कुटण्याच्या कामासाठी हॉलंडर यंत्र, धातूच्या जाळीचे साचे व दाबयंत्र यांचा वापर करून कष्ट कमी करणे, आणि ताव उचलण्याचे कौशल्य हातात ठेवणे, असा तिचा मध्यममार्ग होता. कच्चा मालही बदलला. गोणपाटाची जागा शिंप्यांकडील व कापड कारखान्यांतील सुती कतरणीने घेतली. सुती तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असल्याने हा कागद टिकाऊ व आम्लरहित करता येतो. चित्रकलेचा कागद, प्रमाणपत्रे, फायली, लिफाफे, लग्नपत्रिका व रोजनिशा यांसाठी तो वापरला जातो. झाड न तोडता कागद मिळतो हे त्याचे अलीकडचे आकर्षण, पण कापडाच्या चिंधीपासून कागद ही गोष्ट दख्खनला नवी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हा उद्योग खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या आणि नंतर आयोगाच्या कक्षेत आला. १९९० च्या दशकात राजस्थानात जयपूरजवळ सांगानेर येथे कुमारप्पांच्या नावाने राष्ट्रीय हातकागद संस्था निघाली. आज देशातील हातकागदाच्या निर्यातीचे मुख्य केंद्र सांगानेर हेच आहे. महाराष्ट्र या बाबतीत मागे पडला. जुन्नर व एरंडोल येथील कागद्यांच्या पुढील पिढ्या इतर व्यवसायांत गेल्या. पुनरुज्जीवनाच्या चळवळीने कागद वाचविला, पण तो मुख्यतः संस्थांमधून. त्या त्या गावच्या कारागीर घराण्यांकडे धंदा परतला नाही.

केळीच्या खोडाच्या तंतूपासूनही हातकागद करता येतो. जळगाव जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे आणि नंदुरबार जिल्ह्यात शहादे तालुक्यातही केळीची लागवड होते. घड काढल्यावर खोड एरवी बांधावर टाकले जाते. हा तंतू लांब व मजबूत असतो. केळीच्याच प्रजातीतील अबाका या फिलिपिनी वनस्पतीचा तंतू जपानच्या चलनी नोटांच्या कागदात वापरला जातो, यावरून त्याच्या चिवटपणाची कल्पना यावी. तंतू काढण्याचा व खोड वाहून आणण्याचा खर्च ही यातली मुख्य अडचण आहे.

जपानी वाशीशी तुलना

'वाशी' म्हणजे शब्दशः जपानी कागद. तो तीन झुडपांच्या अंतर्सालीपासून होतो: तुतीच्या कुळातील कोझो, तसेच मित्सुमाता व गाम्पी. हिवाळ्यात फांद्या तोडून वाफवितात, साल सोलतात, बाहेरचा काळा पापुद्रा खरवडतात आणि आतली पांढरी साल क्षारयुक्त पाण्यात शिजवितात. मग थंड पाण्यात बसून हातांनी एकेक डाग वेचून काढतात. महाराष्ट्रात चुना व वारंवार कुटणे जे काम करी, ते येथे शिजविणे व वेचणे करते. म्हणून वाशीचे तंतू फारसे तुटत नाहीत आणि कागद अतिशय पातळ असूनही फाटत नाही.

त्यातला निर्णायक घटक म्हणजे 'नेरी' हा चिकट द्राव. तो तोरोरो-आओई या वनस्पतीच्या मुळांपासून काढतात. ही वनस्पती भेंडीच्याच प्रजातीतील आहे, आणि भेंडी चिरताना हाताला लागणारा बुळबुळीतपणा ज्याला ठाऊक आहे त्याला नेरीचे कार्य चटकन समजेल. हौदात नेरी घातली की तंतू तळाशी बसत नाहीत, पाणी सावकाश निथळते आणि कारागिराला साचा पुढेमागे हलवून एकावर एक पातळ थर चढविता येतात. दख्खनच्या कागद्याला ही सवड नव्हती. त्याच्या लगद्याचे तंतू तुलनेने आखूड व जड, पाणी लवकर उतरणारे. त्याचा कागद जाड निघे व त्याला नंतर खळ व घोटाई लागे. बोरूच्या टोकाला कठीण, गुळगुळीत पृष्ठ हवे होते, तर जपानी कुंचल्याला शाई थोडी शोषणारे. म्हणजे प्रत्येक ठिकाणी कागद लेखणीच्या मापाने घडला.

जपानात वाशी लेखनापुरती राहिली नाही. सरकत्या दारांच्या चौकटींना लावलेला कागद, कंदील, छत्र्या, पंखे, लाकडी ठशांची चित्रे आणि प्रसंगी कपडेसुद्धा तिच्यापासून झाले. घराच्या बांधणीतच कागदाला जागा असल्याने यांत्रिक कागद आल्यावरही तिची मागणी पूर्ण तुटली नाही. मराठी मुलखात कागद दफ्तरात व देव्हाऱ्यात राहिला. दफ्तराने गिरणीचा कागद स्वीकारताच कागद्याला दुसरा आधार उरला नाही. जपानी शासनाचा आश्रयही महत्त्वाचा ठरला. २०१४ मध्ये युनेस्कोने शिमाने, गिफू व साइतामा या प्रांतांतील वाशीनिर्मितीच्या परंपरांचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तरीही तेथेही कारागीर कमी होत आहेत आणि कोझोची लागवड घटत आहे.

जीर्ण कागदपत्रांची दुरुस्ती

फाटलेल्या किंवा कसरीने चाळणी झालेल्या कागदाला आधार देण्यासाठी जगभरातील अभिलेखागारे व संग्रहालये कोझोचा पातळ कागद वापरतात. १९६६ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरात पूर येऊन लाखो ग्रंथ भिजले, तेव्हापासून पाश्चात्त्य संवर्धकांमध्ये त्याचा वापर विशेष वाढला. जपानच्या कोची प्रांतातील तेंगुजो हा प्रकार इतका विरळ असतो की त्याखालील अक्षरे सहज वाचता येतात. त्यातील सर्वांत पातळ कागदाचे वजन चौरस मीटरला दोन ग्रॅमच्या आसपास असते.

भारतातही हस्तलिखितांच्या दुरुस्तीत हा जपानी टिश्यू कागद वापरला जातो. भारतात पूर्वी जीर्ण कागदांना रेशमी शिफॉन चिकटविण्याची किंवा त्यांवर सेल्युलोज ॲसिटेटचा पारदर्शक पडदा बसविण्याची पद्धत होती. शिफॉन काही दशकांत स्वतःच कुजते आणि चढविलेला पडदा नंतर सोडविणे कठीण जाते. दुरुस्ती पुढे कधीही काढता यावी, हा आजच्या संवर्धनाचा पहिला नियम आहे. गव्हाच्या स्टार्चच्या पातळ खळीने बसविलेला कोझोचा कागद थोड्या पाण्याने पुन्हा सुटतो. दुरुस्ती करताना आधी कागदाची धूळ मऊ कुंचल्याने काढतात व शाई पाण्यात विरघळते का हे एका टोकावर तपासतात. काजळाची शाई पाण्याने विरघळत नसली तरी तिच्यातला डिंक सैल पडला तर ती पुसली जाऊ शकते, त्यामुळे ही तपासणी टाळता येत नाही. मग छिद्राच्या आकाराचा तुकडा कापून नव्हे, तर फाडून घेतात. फाडलेल्या कडेचे लांब तंतू मूळ कागदात मिसळतात आणि जोड हाताला लागत नाही. मोठी तूट भरण्यासाठी मात्र मूळ कागदाच्या जाडीचा व रंगाचा कागद लागतो. अशा ठिकाणी सुती कतरणीचा देशी हातकागद अधिक जुळतो.